खिडकीतले तीन डबे

“नमे, अगं तुझा बाप जेवंना झालाय.”

हौसाक्का पत्र्याच्या पलीकडं स्टुलावर उभी होती, त्यामुळं मला तिचं नुसतं डोस्कं दिसत होतं. तोंडाला मास्क, त्याच्यावर परत पदर. आमच्या आठ खोल्यांच्या तोंडाला नगरपालिकेनं पत्रे मारून पाच दिवस झाले होते. इचलकरंजीत तेव्हा गल्लोगल्ली असे पत्रे लागले होते.

“जेवंना म्हंजे?” मी विचारलं. “डबा पोचला न्हाई व्हय?”

“पोचतोय की. तीन दिवस तीन घरचा पोचलाय. पर झाकणच उघडंना म्हणं. निस्ता चहा पितोय आन् भिंतीकडं तोंड करून पडतोय. शिदूमामानं सांगितलं आत्ता कोविड सेंटरच्या गेटवर.”

मागनं आई आली. हात पिठाचे. “काय म्हणायलीय हौसा?”

“काय न्हाई.”

“काय न्हाई कसं? मला ऐकू येतंय. मी काय तुझा बाप हाय व्हय?”

आण्णांनी सत्तावीस वर्षं कापडाचे माग चालवले. एका माणसाला चार माग, बारा तासाची पाळी, आणि त्या खडखडाटात कान कधी गेले ते त्यांनाच कळलं नाही. कारखान्यात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, त्यामुळं सगळे ओठ बघून बोलतात, नाहीतर हातानं. आण्णा घरीपण तसेच. समोरच्याच्या तोंडाकडं बघत राहायचे आणि सगळं समजायचं. स्वतः बोलायचे ते मात्र पार चौकापर्यंत ऐकू जाईल असं. अक्षर म्हणाल तर सहीपुरतं.

आणि आता अख्ख्या गावानं तोंडं बांधली होती.

ताप आला, काडीनं नाकातलं तपासलं, आणि सोमवारी सकाळी गाडी दारात आली तेव्हा आण्णा नळावर होते. आमच्यात पाणी सहाव्या दिवशी यायचं. पांढऱ्या किटातली दोन माणसं काय म्हणतायत ते त्यांना कळलं नाही, पण गाडी बघून कळलं. पायात चप्पल घातली आणि गेले. नळ तसाच वाहत राहिला. तो आवाज त्यांना कधीच येत नाही, त्यामुळं घरात नळ चालू ठेवायची त्यांची जुनीच खोड. आम्ही रडत बसलो आणि पिंप भरायच्या आधी पाणी गेलं. आई त्या दिवसापासून रडणं कमी आणि नळावरनं शिव्याच जास्त देत होती.

माझा आणि आईचा रिपोर्ट चांगला आला होता, पण चौदा दिवस बाहेर पडायचं नाही, आणि आमच्या घरात शिजलेलं आण्णांना पाठवायचं नाही, असा हुकूम होता. सेंटरवर खिचडी मिळायची. पहिले दोन दिवस आण्णांनी ती खाल्ली. मग हौसाक्काच म्हणाली, “मिरचीबिगर ह्यो माणूस कसा जगंल? आमी धाडतो आळीपाळीनं.”

तिची खानावळ होती, मागावरच्या परगावच्या पोरांची. गिऱ्हाईक सगळं गावाला निघून गेलेलं, पातेली पालथी. तरी पहिला डबा तिचा. दुसरा मुलाणी चाचीचा. तिचा नवरा बांगड्या विकत फिरायचा, दोन महिने बांगडी कुणी भरली नव्हती, पण चाचीनं त्यात दोन उकडलेली अंडी घातल्याचं मला नंतर कळलं. तिसरा पिंटू जॉबरच्या घरनं. जॉबर म्हणजे मागाची दुरुस्ती करणारा, आण्णांच्याच कारखान्यातला. त्यालाही पगार नव्हता. डबे परत मिळणार नाहीत असं गेटवर सांगितलं होतं, तरी तिघांनी घरातले चांगलेच डबे दिले होते.

“खिचडी खात हुता न्हवं?” आई हौसाक्काला म्हणाली. “मग डबा आल्यावर काय झालं?”

“आता ते मला काय म्हाईत, वैनी? सिस्टरनं कागदावर लिहून दावलं, त्यो कागद त्यानं घडी घालून खिशात ठिवला. ती किट घालून बोलती, ह्यो तिच्या डोळ्याकडं बघतोय.”

हौसाक्कानं गल्लीत मागं बघितलं. मग हळू म्हणाली, “शुगर खाली आलीय म्हणत्यात. उद्या सकाळपातुर पोटात काय गेलं न्हाई तर कोल्हापूरला हलवणार.”

आई खाली बसली.

आमच्या गल्लीतनं तोवर दोघांना तिकडं हलवलं होतं. परत दोघांच्या बातम्याच आल्या होत्या.

व्हिडिओ कॉल करावा म्हटलं तर आमच्याकडं बटणाचा फोन, आणि सिस्टरचा मोबाईल किट घातल्यावर बाहेरच राहायचा. मी आत गेले. कोपऱ्यातल्या बुट्टीत जुन्या लाकडी कांड्या होत्या. जिच्यावर सूत गुंडाळून धोट्यात बसवतात ती कांडी, माझ्या वितीपेक्षा जरा मोठी. शाळा सोडल्यापासनं मी कारखान्यात कांड्या भरायचं काम करत होते. त्यातल्या तीन घेतल्या आणि ओढणीत बांधल्या.

“कुठं निघालीस?” आई म्हणाली.

“संडासला.”

“कांड्या घिऊन?”

संडासाच्या मागची भिंत कमरेएवढीच होती आणि पलीकडचा ओढा कोरडा. आईनं हाक मारली नाही, यावरनं मी काय ते समजले.

सेंटर म्हणजे आमचीच शाळा. नववीत असताना पालकसभेत गणिताच्या सरांनी आण्णांना दोनदा काहीतरी विचारलं, आण्णांना पाठमोऱ्या माणसाचं कळलं नाही, तर सर वर्गाकडं बघून हसले आणि म्हणाले, आता समजलं मुलीच्या डोक्यात का शिरत नाही. मी डस्टर फेकला. तो सरांना लागला नाही, फळ्याला लागला, पण त्यानंतर मी त्या शाळेत पाऊल टाकलं नाही. कुणी माफी माग म्हणालं, मी म्हणाले, आधी त्यांनी मागू दे. माझं नाव नम्रता ठेवणाऱ्या आत्याला सगळे अजून हसतात.

भिंत मात्र पाठ होती. मागच्या बाजूला गुलमोहराजवळ एक दगड बाहेर आलेला. त्याच्यावर पाय, मग हात, मग वर.

“ए! उतर खाली. पोलिसाला बोलवू काय?”

शिदूमामा. शाळेचा शिपाई, आता सेंटरचा गेटवाला. हातात तीच काठी.

“मामा, मी हाय.”

त्यानं डोळे बारीक केले. “नमी? अगं बाये, तू शाळा सोडलीस तवा देवाला नारळ फोडलावता मी. परत चढलीस?”

“भाईर पडायला चढायचो तवा. आता आत बघायला चढलोय.”

“आत यायचं न्हाई. माझी नोकरी जाईल.”

“येत न्हाई. हितंच बसतो. आण्णा कुठल्या खोलीत हायत?”

शिदूमामानं गेटकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. दर दोन दिवसाला मला याच भिंतीवरनं ओढून काढायची सवय झालेला माणूस. काठी भिंतीला टेकवून म्हणाला, “नववी ब. वरची तिसरी खिडकी.”

माझाच वर्ग.

“हाक मारून उपेग न्हाई,” तो म्हणाला. “मीच सकाळी चार हाका मारल्या आन् मग माझं मलाच हसू आलं.”

मी ओढणी सोडली. कारखान्यात लांबच्या माणसाला बोलवायचं तर रिकामी कांडी त्याच्या पायाशी फेकतात. मागावरचा माणूस कशानं वळून बघणार नाही, पण पायात कांडी आली की बघतो. पहिली कांडी भिंतीला आपटून खाली पडली. दुसरी गजाला लागली.

“नेम गेला तुझा,” शिदूमामा म्हणाला. “डस्टर बरा फेकलावतास.”

तिसरी गजांच्या मधनं आत गेली.

मी मोजत बसले. वीस झाले, तीस झाले. मग खिडकीत आण्णा आले. हातात कांडी. दाढी वाढलेली, गळ्याची शीर दिसत होती. पाच दिवसात माणूस एवढा कमी होतो हे मला माहीत नव्हतं.

त्यांनी मला बघितलं. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. नुसते बघत राहिले, वरपासून खालपर्यंत, जशी काही मी कुठनं तरी लांबून आले होते.

मी हात तोंडाकडं नेला. जेवा.

त्यांनी मान हलवली. नाही.

मी परत केलं. का नाही?

तेव्हा ते बोलले. त्यांच्या आवाजानं एरवी कावळे उडायचे. त्या दिवशी आवाज खाली होता, तरी मला सगळं ऐकू आलं.

“तू एकलीच हाईस न्हवं घरात?”

मला समजलंच नाही.

“सांगू नगंस,” ते म्हणाले. “मला कळलंय. डबं आलं तवाच कळलं.”

तेव्हा मी खिडकीच्या कट्ट्यावर बघितलं. तीन डबे, ओळीनं ठेवलेले, कड्या लावलेल्या. हौसाक्काचा झाकणाला पोचा आलेला डबा. चाचीचा निळ्या फडक्यात बांधलेला. पिंटूच्या घरचा, लांबड्या दांडीचा.

हे तीन डबे मी याआधी असेच ओळीनं बघितले होते. आमच्या चुलीपाशी. माझी आजी गेली तेव्हा.

मयताच्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचे जेवण आणून देतात. आजीच्या वेळी पहिल्या दिवशी हौसाक्काचा डबा आला होता, दुसऱ्या दिवशी चाचीचा, तिसऱ्या दिवशी पिंटूच्या घरचा. मीच ते दारातनं घेतले होते आणि मीच धुऊन परत दिले होते. रिकामे. एरवी कुणाचा डबा आमच्या घरनं रिकामा जात नाही, आई चिमूटभर साखर तरी घालतीच, पण सुतकातल्या डब्यात काही घालायचं नाही म्हणाली होती.

आणि आता तेच डबे, त्याच क्रमानं, एका माणसासमोर येऊन बसले होते. त्याला कुणाचं तोंड दिसत नव्हतं, आणि दिसत होते ते सगळ्यांचे नुसते दमलेले, ओले डोळे.

“आज तिसरा दिस न्हवं?” आण्णा म्हणाले. “कुणी केलं सगळं? तुझ्या आईला खांदा द्यायला तरी कोण आलतं का?”

मी भिंतीवरनं पडलेच असते. शिदूमामानं खालनं माझा पाय धरला.

मी मास्क खाली ओढला.

“मास्क वर कर,” शिदूमामा म्हणाला. “नियम हाय.”

“मामा, मास्क वर केला तर त्यास्नी ऐकू येत न्हाई.”

त्यानं गेटकडं तोंड फिरवलं.

“आई हाय,” मी तोंड मोठं करून म्हणाले. “जित्ती हाय. घरात हाय. काय झाल्यालं न्हाई तिला.”

आण्णांनी माझे ओठ वाचले. नीट वाचले. आणि हात असा हलवला, जसं लहान पोराचं खोटं माफ करतात.

“पिंट्या पण तवा असंच म्हणालावता,” ते म्हणाले. “माग बंद करून. म्हणाला, म्हातारीला जरा बरं न्हाई, चल घरला.”

खरं होतं ते. आमच्यात अशी बातमी कुणी सरळ सांगत नाही. माणूस गेलेला असतो आणि सांगतात जरा बरं नाही. आण्णांनी आयुष्यात कधी मयताची खरी बातमी ऐकलीच नव्हती. प्रत्येक वेळी कुणीतरी गोड बोलून घरी आणलं होतं. आणि मी भिंतीवर बसून गोडच बोलत होते.

“खरंच हाय, आण्णा. शप्पत.”

“बरं बाळ,” ते म्हणाले. “तू जेवलीस का?”

त्या ‘बरं बाळ’नं माझं डोकं फिरलं. मला रडू यायला पाहिजे होतं, पण मला रडू यायच्या आधी राग येतो, हे माझं लहानपणापासनंच आहे. मी भिंतीवर उभी राहिले.

“काय बरं बाळ? नळ कोण बंद करणार हुतं? तुझा बा?”

आण्णांनी डोळे मोठे केले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अरेतुरे केलं होतं. पण आता थांबणं शक्य नव्हतं.

“नळ चालू ठिऊन गाडीत बसलास! सहाव्या दिसाचं पाणी! पिंप मोकळं! अख्खी गल्ली धुतलीस आन् आमी दोघी हौसाक्काच्या घागरीवर जगायलोय! आई पाच दिस झालं तुझ्या नावानं खडं फोडायलीय! म्हणती, येऊ दे घरला, त्या पिंपातच उलटा बुडवतो! आन् तू हितं तिला मारून मोकळा! जेव की गप! कोल्हापूरला गेलास तर मी येणार न्हाई बघायला, आत्ताच सांगतो!”

सगळं मी तोंडानं आणि हातानं, दोन्हीनं बोलत होते. नळ फिरवून दाखवला. पाणी वाहताना दाखवलं. आई कमरेवर हात ठेवून कशी उभी राहते ते दाखवलं. खाली शिदूमामा “हळू गं, हळू” म्हणत होता. आजूबाजूच्या खिडक्यांत माणसं येऊन उभी राहिली होती, कुणीतरी टाळी पण वाजवली.

आण्णांनी चेहरा दोन्ही हातांत घेतला. खांदे हलायला लागले.

“रडीवलास बघ,” शिदूमामा म्हणाला. “आजारी माणसाला असं बोलत्यात व्हय?”

मी खाली बसले.

मग आण्णांनी हात काढले. ते हसत होते. डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी, आणि हसत होते. आता आवाज पहिल्यासारखा आला, चौकापर्यंत.

“नळ ऱ्हायला व्हय गं?”

मी मान हलवली.

“लई चिडलीय?”

“लई.”

“पिंपात म्हणाली?”

“उलटा.”

त्यांनी मान खालीवर केली. सावकाश, दोन-तीनदा. आई गेलेल्या लेकीनं असल्या शिव्या कुठनं आणल्या असत्या? आणि सुतकातल्या माणसाला तोंड वर करून कोण बोलणार? हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या वेळी एवढंच केलं, की कट्ट्यावरचा तिसरा डबा, पिंटूच्या घरचा, पुढं ओढला आणि कडी काढली.

भाकरी आणि खर्डा होता. पहिला घास त्यांनी उभ्यानंच खाल्ला. मागं पांढऱ्या किटातली सिस्टर येऊन उभी राहिली. तिनं खिडकीतनं माझ्याकडं बघितलं, भिंतीवर चढलेली, मास्क गळ्यात. मला वाटलं आता ओरडणार. तिनं नुसती पाण्याची बाटली आण्णांच्या हाताशी ठेवली.

अर्धी भाकरी संपल्यावर आण्णांनी मूठ उचलून हवेत फिरवली. कारखान्यात अडकलेला माग सुरू झाला की लांबून तशी खूण करतात. मी पण मूठ फिरवली.

“झालं?” शिदूमामा म्हणाला. “आता मास्क वर, आन् तू खाली.”

मी खाली उतरले. त्यानं खाली पडलेल्या माझ्या दोन कांड्या आतल्या बाजूनं उचलून भिंतीवरनं टाकल्या.

घरी आई संडासाच्या भिंतीपाशीच उभी होती. मी सगळं सांगितलं.

“म्हंजे मला मारलंच त्यानं,” ती शेवटी म्हणाली. “जित्तेपणी.”

“व्हय.”

“आन् मग तीन दिस उपाशी ऱ्हायला?”

“चहा पीत हुते.”

“चहाचं सोड.” तिनं पदरानं नाक पुसलं. “उपाशी ऱ्हायला,” ती परत म्हणाली, स्वतःशीच. मग पत्र्यापाशी जाऊन हौसाक्काला हाक मारली आणि दहा वेळा तेच सांगितलं, तक्रार केल्यासारखं. “बघ की गं हौसा, मी मेली समजून जेवलंच न्हाई बघ खुळं.” त्या दिवशी ती किती छान दिसत होती ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आण्णांना कोल्हापूरला हलवलं नाही. त्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी ते चालत घरी आले, तोवर आमचे पत्रेही निघाले होते. हातात पिशवी, पिशवीत तीन डबे. सिस्टरनं उकळत्या पाण्यातनं काढून दिले होते. आईनं रव्याचा शेवटचा पुडा फोडला. सेंटरमधनं आलेल्या माणसाला तिनं आधी आंघोळ सांगितली आणि मग कढई चढवली.

आता याला पाच वर्षं झाली. मी आता त्याच कारखान्यात दोन माग चालवते, आणि माझ्या कानाचंही कधीकधी मला भ्या वाटतं. पण तो मंगळवार आठवला की आधी शिऱ्याचा वास येतो.

त्या मंगळवारी डबे द्यायला आण्णा स्वतः निघाले. मी मागं. हौसाक्कानं दारात डबा हातात घेतला आणि तिथंच थांबली. तिला वजन लागलं असणार. तिनं झाकण उघडलं. शिरा अजून गरम होता.

“वैनी पण ना,” ती म्हणाली, आणि झाकण परत लावलं.

तेवढ्यात आमच्या घरातनं आईचा आवाज आला. “आवो! परत नळ तसाच! ह्या माणसाला काय करावं!”

आण्णांना काहीच ऐकू आलं नाही. ते माझ्या तोंडाकडं बघत होते, कोण काय म्हणतंय ते कळावं म्हणून. मी मास्क खाली केला आणि सांगितलं.

“आई ओरडायलीय.”

“असं व्हय,” आण्णा म्हणाले, आणि तिथंच उंबऱ्यावर बसले. मीही नळ बंद करायला धावले नाही. जरा वेळ दोघांनी तिला ओरडू दिलं.